वाटेत सोडलेली शिदोरी

बुधवार, दिनांक ५ फेब्रुवारी २०२५, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या अंगणातून गाडी निघाली. गाडीत माझी नात, तिचा नवरा, चालक आणि मी असे चौघे होतो. नात आणि तिचा नवरा लग्नानंतरच्या सहलीसाठी दुबईला निघाले होते. विमान रात्रीचे होते. मी विमानतळाच्या दारापर्यंत सोबत करणार होतो.

मी जाऊ नये, असे घरात सर्वांचे मत होते. आमच्या डोळखांबकडच्या पाड्यांवर मुलगी लग्नानंतर प्रथम परक्या ठिकाणी निघाली की माहेरचे एक माणूस पाठराखण म्हणून तिच्याबरोबर जाते. हे काम बायकांचे समजले जाते. परंतु सुनेला गाडी लागते, मुलाची कारखान्यात पहिली पाळी होती आणि माझी पत्नी शहापूरच्या पलीकडे सहसा जात नाही. मी जातो म्हणालो. नातजावई हसला. मुलगी सासरी राहूनही आली, आता पाठराखण कशाची, असे त्याने विचारले. सासर मुरबाडला आहे, दुबईला नाही, असे मी सांगितले.  बायकोकडे पाहून त्याने भुवया उंचावल्या. ते मी पाहिले.

मला त्या प्रवासाचा संशय होता. तिकिटे आणि राहण्याची खोली नातजावयाच्या आतेभावाने दिली होती. हा आतेभाऊ दुबईत एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. लग्नाला येता आले नाही म्हणून हा आहेर, असे कळवण्यात आले. आहेर घरी येतो, आहेर घ्यायला कोणी समुद्रापलीकडे जात नाही, असे माझे म्हणणे होते. त्याच सुमारास टीव्हीवर एक बातमी पाहिली होती. एका जोडप्याला नातेवाइकाने अशीच परदेशाची सहल भेट दिली, जाताना एक पुडके हाती दिले, आणि ते जोडपे तिकडे तुरुंगात गेले. पुडक्यात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक नव्हते, हे तिथे कोणी ऐकून घेतले नाही. ती बातमी माझ्या डोक्यातून गेली नाही. नात चोवीस वर्षांची आहे. नर्सिंगचे शिक्षण पूर्ण करून शहापूरला दवाखान्यात काम करते. तिने धड जावे आणि धड परत यावे, एवढेच मला हवे होते.

संशय हा माझा स्वभाव आहे, असे घरचे म्हणतात. तो माझा व्यवसाय होता. मी वनखात्यात होतो, आणि नोकरीची बहुतेक वर्षे शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या तपासणी नाक्यावर गेली. गाडीतल्या पेंढ्याखाली साग असतो. कोबीच्या ट्रकमध्ये खैर असतो. एकदा वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये रुखवताच्या टोपल्यांखाली खैराचे ओंडके सापडले, आणि नवरीला त्यातले काही ठाऊक नव्हते. तिथे मी एक गोष्ट शिकलो. ज्याच्याकडे चोरटा माल असतो तो मालाकडे पाहत नाही, तपासणाऱ्याकडे पाहतो.

शेणव्यापर्यंत सर्व ठीक होते. तिथून शहापूरचा रस्ता सरळ जातो. शहापूरला महामार्ग, पुढे भिवंडी, ठाणे आणि मुंबई. चालकाने गाडी किन्हवलीकडे वळवली. मी विचारले. चालक शेजारी बसलेल्या नातजावयाकडे पाहू लागला. नातजावई म्हणाला की मुरबाडला दहा मिनिटांचे काम आहे. कसले काम, असे विचारल्यावर तो म्हणाला, "घरचंच हाय, आजोबा." नात खिडकीबाहेर पाहत होती. तिला हे आधी ठाऊक होते, एवढे मला समजले.

किन्हवलीच्या पुढे त्याला फोन आला. त्याने गाडी थांबवायला लावली आणि उतरून रस्त्याच्या कडेला जाऊन बोलला. वारा माझ्या बाजूला होता. त्याचे एक वाक्य मला स्पष्ट ऐकू आले. "नाय, त्यांना नाय सांगितलं. सांगितलं तर येऊच देणार नाय." गाडीत बसताना त्याने फोन खिशात ठेवला आणि हात फोनवरच ठेवून बसला. दोघांचे पासपोर्ट त्याच्याच गळ्यातल्या पाकिटात होते. नातीचा पासपोर्ट नातीकडे असावा, असे मी म्हटले. हरवेल म्हणून ठेवलाय, असे उत्तर मिळाले. शिकलेली मुलगी आहे, रोज रुग्णांच्या शिरेत सुई घालते, एक पुस्तिका हरवणार नाही, असे मी म्हटले. नात म्हणाली, "आजा, राहू दे ना." मी राहू दिले. परंतु विसरलो नाही.

सरळगावची वस्ती मागे पडली. रस्त्याच्या कडेला पळसाला फुले येऊ लागली होती. कापलेल्या भातखाचरांत वाल उभा होता. मुरबाडच्या बाहेरच्या अंगाला एका घरापुढे गाडी थांबली. ते नातजावयाच्या आत्याचे घर. दुबईत असलेला आतेभाऊ तो हिचाच मुलगा. म्हणजे सहल देणारा आणि वाटेत थांबवणारी एकाच घरची. ही साखळी मला आवडली नाही.

आत्याबाई विधवा आहेत, घर एकटीने चालवतात, बोलायला तिखट आहेत. त्यांनी नातीची ओटी भरली. सर्वांना पोहे दिले, मला दुसऱ्यांदा वाढले. मग आत जाऊन एक बोचके घेऊन आल्या. जुन्या लुगड्याचा तुकडा, कडा पांढऱ्या दोऱ्याने शिवलेल्या, वर घट्ट गाठ. खाण्याची वस्तू कोणी शिवून देत नाही. मी काय आहे म्हणून विचारले.

"शिदोरी हाय लेकाची," त्या म्हणाल्या.

शिदोरीत काय आहे, हे मी विचारले.

"अनारसे. दुसरं काय असणार? तुमाला तुमच्या ताटात वाढलंय ना, व्याही?"

नातजावई हसला. चालकही हसला. मी ताट बाजूला ठेवले आणि मदत करतो असे दाखवून बोचके उचलले. ते जड होते. अनारसा हलका असतो. तांदळाचे पीठ आणि गूळ मळून, मुरवून, एका बाजूने खसखस लावून तुपात सोडलेली ती जाळीदार वडी असते. डबाभर अनारशांचे वजन एवढे होत नाही. मी आत्याबाईंकडे पाहिले. त्या बोचक्याकडे पाहत नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या.

मग त्यांनी बजावले की ही गाठ वाटेत सोडायची नाही. लेकाच्या हातात द्यायची, त्यानेच सोडायची. आमच्या लोकांत ही रीत आहे. शिदोरी एका घरात बांधतात आणि दुसऱ्या घरात सोडतात. वाटेत सोडली तर संसार वाटेत अडतो, असे म्हणतात. आणि सासरच्या बाजूने बांधलेल्या गाठीला माहेरच्या माणसाने हात लावणे म्हणजे उघड अपमान. मी रीत मानतो. नाक्यावरही बायकांच्या बोचक्यांना मी स्वतः कधी हात लावला नाही. त्यांनाच सोडायला सांगत असे. नातजावयाने बोचके नेऊन नव्या बॅगेत ठेवले. चाकांची, गुलाबी रंगाची, कडक कवचाची बॅग. बोचके सर्वांत खाली गेले, वर नातीच्या साड्या आल्या. रुखवताखालचा खैर मला आठवला.

कल्याणचा रस्ता खणून ठेवला आहे, म्हणून चालक गाडी शहापूरला नेऊन महामार्गाला लावणार होता. त्यामुळे आम्ही शहापूर-मुरबाड रस्त्याला लागलो. माझा रस्ता. आता तो रुंद झाला आहे, काँक्रीटचा झाला आहे, आणि ओळखीची झाडे गेली आहेत. मी नातजावयाला पुढच्या आसनावरून मागे येऊन बसायला सांगितले. तो बसला. आतेभाऊ तिकडे नेमके काय करतो, असे विचारले. भाज्या चिरतो, आता थोडे रांधायलाही देतात, असे तो म्हणाला. त्या पगारात दोघांची तिकिटे कशी निघतात, असे विचारले. हॉटेलच्या मालकाने सवलत दिली, असे तो म्हणाला. मालक का देतो, असे विचारले. नातजावयाने नातीकडे पाहिले.

"आजा," नात म्हणाली, "तुमाला त्यांचा संशय येतोय का माझा?"

मी बोचक्याचा येतो, असे सांगितले.

नाका आता नाही. खोली पाडली आहे. आडवा बांबू ज्या खांबाला अडकवत असू तो सिमेंटचा खांब तेवढा रस्त्याच्या कडेला उभा आहे, त्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फलक बांधलेला होता. बाजूला हातपंप आहे, तो जुनाच आहे. खांब दिसला आणि मी चालकाला गाडी बाजूला घ्यायला सांगितले. माझा आवाज कदाचित पूर्वीसारखा निघाला असावा. त्याने काही न विचारता गाडी घेतली.

मी उतरलो, मागचे दार उघडले, गुलाबी बॅग काढून खाली ठेवली आणि बोचके सोडायला सांगितले. नातजावई उतरला आणि बॅगेवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या तोंडावरचे हसू गेले होते.

"आत्याची गाठ वाटेत सुटणार नाय, आजोबा. तुमी मोठे आहात, काय पण बोला. ही नाय सुटणार."

मी म्हणालो, "मग गाडी पुढे जाणार नाही."

"तिकीट हाय आजचं."

"असू दे."

चालक गाडीपलीकडे जाऊन उभा राहिला. नातजावई मला म्हणाला की आपण एका तालुक्यातले नसलो तरी एका जातीचे, एका रीतीचे आहोत, आत्याने त्याला आईच्या मागे वाढवले आहे, आणि तिच्या शिदोरीला चोराचा माल समजणे हे त्याला सहन होणार नाही.  तो खोटे बोलत नव्हता. परंतु ज्या जोडप्याची बातमी मी पाहिली होती, तेही खोटे बोलत नव्हते. मी बॅगेपुढून हललो नाही. तोही हलला नाही. दोन ट्रक गेले. एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला.

तेव्हा नात उतरली. तिने पदर खोचला आणि रस्त्यावर उकिडवी बसली.

"आजानं सोडायची नाय, कारण आजा माहेरचा. तुमी सोडायची नाय, कारण आत्यांनी सांगितलंय. मी आता दोन्हीकडची. माझ्या हातानं सुटली तर कुणाचा अपमान नाय."

नवरा तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने बॅगेवरचा हात काढला.

तिने बॅग उघडून साड्यांखालचे बोचके वर ओढले आणि तिथेच गाठ सोडली. दोरा तिने दातांनी तोडला. आत दोन स्टीलचे डबे होते आणि प्लास्टिकची एक पिशवी होती. लहान डब्यात अनारसे होते, एकावर एक, खसखशीची बाजू वर. मोठ्या डब्यात अनारशाचे मुरवलेले पीठ होते, गोळे करून दाबून भरलेले. वजन त्याचे होते; गुळाचे. हे पीठ महिनोन्महिने टिकते. पोराने तिकडे हवे तेव्हा तळून खावे, म्हणून दिलेले. आणि पिशवीत, पीठ थापताना लावायला, खसखस होती.

मी गोळे फोडून पाहिले. डब्यांचे तळ वाजवून पाहिले. लुगड्याच्या कडा बोटांनी चाचपल्या. दुसरे काही नव्हते.

"बघा," नातजावई म्हणाला. "नीट बघा. गांजा हाय, सोनं हाय, काय काय हाय ते बघून घ्या."

मी पाहिले आहे, असे सांगितले. माझे समाधान झाले होते, आणि मला बरे वाटले नव्हते. मी बोचके परत बांधायला सांगितले. त्याने ऐकले नाही. त्याने फोन काढला आणि आतेभावाला चित्रासह फोन लावला. मला ऐकू जावे म्हणून आवाज वाढवला. त्याने सांगितले की तुझी शिदोरी बायकोच्या आजोबांनी नाक्यावर धरली आहे, पंचनामा चालू आहे, मुद्देमाल बघून घे. फोनवरचा मुलगा हसला. त्याच्यामागे मोठी भांडी लटकत होती. नातजावयाने फोन डब्यांवर धरला. मुलाने आधी पिठाचा डबा पाहिला आणि त्याचा चेहरा बदलला. आईच्या हाताचे आहे हे त्याला कळले असावे. मग फोन अनारशांवर आला.

तो हसायचा थांबला.

"ती खसखस हाय काय रे वर?"

"मग? अनारसा हाय तो."

"आणि पिशवीत?"

"तीच. लावायला दिलीय."

त्याने फोन तोंडाजवळ घेतला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "तिथंच थांबा. एक दाणा पण इकडं आणू नका. ती अफूच्या बोंडातली असते. इथं ती अफूतच धरतात. विमानतळावर सापडली तर सरळ आत. कोण ऐकत नाय, खाण्याची हाय म्हणून."

नातजावई खांबाशी जाऊन बसला. नात उभीच राहिली. तिने दोन्ही तळहात साडीला पुसले, आणि मग ते पुसलेले हात आणि ती साडी यांच्याकडे आळीपाळीने पाहू लागली.

मी फोन हातात घेतला. आई काय देणार आहे हे तुला ठाऊक नव्हते का, असे मुलाला विचारले. तो म्हणाला की आई म्हणाली होती, गंमत पाठवते, विचारू नको. त्याने जास्त विचारले तेव्हा ती रडू लागली, म्हणून त्याने विचारणे सोडले. मघाचा फोन कोणाचा होता, असे मी विचारले. त्याचाच. आईकडे जाऊन याल ना, असे तो विचारत होता. "त्यांना नाय सांगितलं" म्हणजे मला सांगितले नव्हते, कारण मी वाट वाकडी करू देणार नाही हे सर्वांना ठाऊक होते. हे मला पटले. तिकिटांच्या सवलतीचे मला अजून पटलेले नाही; पण तो प्रश्न मी तिथे काढला नाही.

ती दोघे ठरल्याप्रमाणे गेली आणि परत आली, म्हणून हे लिहिता येते. त्या वेळी मला एवढेच दिसत होते की बॅग उघडी आहे, पिशवीची गाठ सैल आहे आणि रस्त्यावर वारा आहे.

पिशवी फुटलेली नव्हती, परंतु गाठीतून दाणे निसटले होते. मी बॅगेतल्या साड्या एकेक करून काढायला लावल्या. प्रत्येक साडी नात आणि चालक यांनी दोन टोकांना धरून खांबाच्या पलीकडे, वाऱ्याच्या दिशेने झटकली. हिरव्या साडीच्या काठात दाणे होते. जरीच्या साडीत नव्हते. नातजावयाच्या पँटच्या दुमडलेल्या पायात सापडले. खसखशीचा दाणा मोहरीपेक्षा लहान असतो; काँक्रीटवर पडला की दिसत नाही, बोटाला लागतो. बॅगेच्या आतले अस्तर जाळीचे होते. जाळीत दाणे अडकलेले मला नखाला लागले. नातजावई ओल्या फडक्याने पुसू लागला. मी त्याला थांबवले. पुसले की दाणा शिवणीत जातो आणि तिथे राहतो. ही बॅग जाणार नाही, असे मी सांगितले.

"आजोबा, नवीन हाय. लग्नातली हाय."

मी माझी पिशवी पुढे केली. खाकी कॅनव्हासची, खात्याची, पट्ट्यांची. त्यात माझे एक धोतर, सदरा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि पाण्याची बाटली होती. विमानतळावर उशीर झाला तर ठाण्याला बहिणीकडे राहावे, असा विचार होता. ते सर्व मी काढले. पिशवी उलटी करून झटकली. तिच्यातून जुनी सागाची पाने पडली, भुगा झालेली. त्यालाही मी हरकत घेतली आणि पुन्हा झटकली. त्यात दोघांचे कपडे बसवले. सर्व बसले नाहीत. नातीने दोन साड्या काढून ठेवल्या. हिरवी त्यांतली एक होती. त्या साड्या, माझे सामान, अनारसे आणि खसखस गुलाबी बॅगेत भरले.

मग हातपंपावर तिघांनी हात धुतले. नखे धुतली. नातीने अंगावरच्या साडीला जिथे हात पुसले होते तेवढा भाग झटकून धुतला. मी नातजावयाची नखे पाहिली. त्याने ती दाखवली.

फोन चालूच होता. कोणी तो बंद केला नव्हता. आतेभाऊ एवढा वेळ पाहत होता. तो म्हणाला, "आजोबा, पीठ तरी येऊ दे."

पिठात खसखस नसते, ती थापताना लागते. पण ते पीठ त्याच पिशवीशेजारी बसून आले होते, आणि ते दाबणारा हात खसखस लावणारा होता. मी प्रत्येक गोळा उन्हात धरून फोडला. बोटांनी पसरला. परत दाबला. दोन गोळ्यांवर बाहेरून दाणे होते. ते वेगळे काढले. उरलेल्यांत काही नव्हते. मी पुन्हा पाहिले. नात म्हणाली की निघायला उशीर होतोय. मी तिसऱ्यांदा पाहिले, आणि जाऊ दे म्हणालो.

शहापूरला बाजारात भांड्यांच्या दुकानातून नवा झाकणाचा डबा घेतला. पीठ त्यात भरले. वर कापड बांधले नाही. तपासणाऱ्याला सरळ उघडता यावे, असे मी सांगितले.

गाडी महामार्गाला लागणार त्या चौकात मी उतरलो. माझ्यापाशी आता पिशवी नव्हती, आणि पुढे जाऊन मी दाराशीच थांबणार होतो. नात म्हणाली, "पाठराखणीनं अर्ध्यातनं फिरायचं नसतं." मी म्हणालो की बॅगही राखावी लागेल, ती कुठे टाकून चालणार नाही. नातजावई उतरला आणि वाकून माझ्या पाया पडला. उठताना त्याने गळ्यातले पाकीट उघडले, एक पासपोर्ट काढला आणि नातीच्या हातात दिला. मी काही बोललो नव्हतो.

ती म्हणाली, "आत्यांना काय सांगू? दोन गोळे कमी, अनारसे नाय, गाठ नाय."

तू सांगू नको, असे मी म्हणालो.

एसटी स्टँडवर बसून मी आत्याबाईंना फोन केला. नोकरीत कधी खोटा पंचनामा केला नाही. त्यांना क्रमाने सांगितले. गाठ वाटेत सुटली. सोडायला मी लावली. सोडली नातीने.

"मला ठाऊकच होतं," त्या म्हणाल्या. "नाक्यावरचा माणूस सोयरा झाला तरी नाक्यावरचाच. माझ्या पोह्यांतपण शोधलं असेल काय काय."

मी खसखशीचे सांगितले.  मी फोन चालू आहे का ते पाहिले. मग त्यांनी विचारले की मुलांना काही झाले नाही ना. नाही म्हणालो. त्या दोघांचे काही बरेवाईट झाले असते तर, असे काहीतरी त्या म्हणाल्या. वाक्य पूर्ण केले नाही. मग म्हणाल्या, "ज्या गावात खसखस लावणं गुन्हा, त्या गावात माझा पोरगा काय खात असेल ओ, व्याही?"

 पीठ गेले आहे, एवढे सांगितले. ते मी तपासून पाठवले आहे.

"तुमी तपासलंय म्हणजे पोचंल," त्या म्हणाल्या. "अनारसे तुमच्याकडंच राहू दे. खा तुमी. पण खाताना शोधू नका त्यात काय."

डोळखांबच्या जीपमध्ये मागच्या बाजूला जागा मिळाली. मांडीवर गुलाबी बॅग. पाड्यावरचा एक जण म्हणाला, "बाबा, दुबई करून आले का येवढ्यात?" सगळी जीप हसली. मी खिडकीकडे तोंड केले. बॅगेची चाके पाड्याच्या वाटेवर चालत नाहीत. ती खांद्यावर घेऊन आलो.

पत्नी ओट्यावर वाल सोलत बसली होती. पोचवले का, असे तिने विचारले. शहापूरपर्यंत, असे सांगितले. तिने बॅगेकडे पाहिले, मग खाकी पिशवी नसलेल्या माझ्या खांद्याकडे पाहिले. मी तिला सर्व सांगितले. ती म्हणाली, इतकी वर्षे या घरात खसखस आहे, अफू घरात होती म्हणायची. मग एक अनारसा मोडून अर्धा मला दिला. चांगला झाला होता.

संध्याकाळी नातीचा फोन आला. सामान आत गेले होते, कोणी हरकत घेतली नव्हती. खाकी पिशवी पाहून एका अधिकाऱ्याने ती कुठली म्हणून विचारले. आजाची, असे तिने सांगितले. आत्यांचाही फोन येऊन गेला, असे ती म्हणाली. काय म्हणाल्या, हे तिने सांगितले नाही. 

मी हिरवी साडी दोरीवर वाळत टाकली, जरी ती ओली नव्हती. गुलाबी बॅग अंगणात उलटी केली आणि बुडावर थापट्या मारल्या. मग ती उघडून आडवी ठेवली. कोंबड्या आल्या. त्यांनी आधी अंगण टिपले आणि नंतर बॅगेत शिरून जाळी टिपली. त्यांना दाणे दिसतात. टिपायला काही उरले नाही तेव्हा त्या आपणहून बाहेर आल्या. मी बॅगेच्या शिवणीवरून एकदा नख फिरवले, बॅग माळ्यावर टाकली आणि कोंबड्या टोपलीखाली डालल्या.